दुकान म्हंजे घर नोहे

शेला-टोपीपायी सख्खा भाऊ सख्ख्या भावाशी नऊ वर्षं बोलत नाही, हे ज्याला खोटं वाटत असेल त्यानं आमच्या वर्धा जिल्ह्यात एक लग्न लावून पाहावं. तानबा मोठा, चंद्रभान धाकटा आणि सुलोचना दोघांच्या मधली. चंद्रभानच्या मुलीच्या लग्नात मांडवात शेला-टोपीचा आहेर चालला होता. यादी वाचायला बसला होता चंद्रभानचा साळा. त्यानं आपल्या गावची लांबलांबची माणसं वाचली, गाडीच्या ड्रायव्हरलासुद्धा शेला दिला, आणि घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाचंच नाव राहून गेलं. कागदाला घडी पडली होती, नाव त्या घडीत गेलं, असं तो साळा अजूनही सांगतो. सांगू दे. तानबा भरल्या ताटावरून उठला, उष्ट्या हातानं मांडवाच्या दारात उभा राहिला आणि शंभर माणसांदेखत म्हणाला, "चंद्या, तुह्या घरचं पानी आजपासून मले हराम."

चंद्रभान त्याच वेळी मागे धावला असता, दोन शब्द गोड बोलला असता, तर गोष्ट तिथंच मिटली असती. पण मुलीचा बाप म्हणून डोक्यावर फेटा होता, आणि फेटा चढला की आमच्या माणसांची मान वाकत नाही.

भांडण भावांचं आणि फरफट सुलोचनेची. ती वर्ध्यातच दिलेली, चंद्रभानही तिथंच राहणारा. भाऊबीजेला सकाळी चंद्रभानकडे जायचं, ओवाळायचं, तिथं जेवायचं. मग पुलगावावरून एस.टी.नं रोहण्याला जायचं, तानबाला ओवाळायचं आणि पोटात जागा नसताना पुन्हा जेवायचं. सकाळच्या घरी संध्याकाळच्या घराचं नाव काढायचं नाही आणि संध्याकाळच्या घरी सकाळचं नाही. बासष्ट वर्षांची बाई, गुडघे दोन्ही गेलेले, आणि सणाच्या दिवशी चोरासारखी या घरून त्या घरी. आई-बाप जाऊन जमाना झाला होता. माहेर म्हणून उरले ते हे दोघे. दोघांना एका रांगेत पाटावर बसवावं आणि एकाच दिव्यानं ओवाळावं, एवढंच तिचं मागणं होतं. काही जगावेगळं नव्हतं.

तिनं काय कमी प्रयत्न केले? पंचमंडळी झाली, नातेवाईक झाले. तानबाचं एकच, "मी बोललो हाय, बाई. चार मानसांत बोललो. त्याच्या घरचं पानी पिनार नाई."

मग चंद्रभानच्या मुलानं, ऋतिकनं, वर्ध्याला लागूनच्या सिंदी मेघेत कॉफीचं दुकान टाकलं आणि सुलोचनेला वाट दिसली. दुकान भाड्याचं, पाटी ऋतिकच्या नावाची, चंद्रभानचं त्यात काही नाही. तिनं रोहण्याला जाऊन तानबासमोर विषय काढला. "दादा, तू घरचं म्हनलं होतं. हे काही चंदूचं घर नोहे. लेकराचं दुकान हाय." तानबा दोन दिवस त्यावर बसला. तिसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. "बराबर हाय तुहं. दुकान म्हंजे घर नोहे. येतो मी गुरुवारी." फोन ठेवल्यावर सुलोचना स्वयंपाकघरात पदर डोळ्याला लावून उभी राहिली, आणि तिचे यजमान प्रभाकरराव विचारत राहिले, कोण गेलं म्हणून.

आता त्या दुकानाविषयी सांगितलं पाहिजे. ऋतिक पुण्याला दोन वर्षं अशाच एका कॅफेत कामाला होता आणि तिथून कॉफी शिकून आला, म्हणजे असं तोच म्हणायचा. दुकानाचं नाव इंग्रजीत, तेही भिंग लावून वाचावं इतकं बारीक. आत भिंतींना गिलावा नाही, उघड्या विटा. सुलोचनेला पहिल्यांदा वाटलं पोराचे पैसे संपले, म्हणून तिनं विचारलंही. ऋतिक दुखावला. बसायला उंच स्टुलं, त्यांवर चढलं की पाय लोंबकळतात. चहा नाही. "चहा ठेवला आत्या, की लोक चहाच पितात," म्हणे. आणि गल्ल्यामागे एक पाटी होती, ती मात्र मराठीत आणि चांगल्या मोठ्या अक्षरांत: 'कृपया साखर मागू नये. कॉफीचा अपमान होतो.'

माणसाचा अपमान झाला तर होऊ दे, कॉफीचा होता कामा नये.

सुलोचनेच्या लेखी कॉफी म्हणजे दूध, साखर आणि वरून किसलेलं जायफळ. उपासाला करायची, नाही तर कोणाला अशक्तपणा असला तर. ऋतिकच्या कॉफीला काळा रंग, पातळ अंग आणि एकशे ऐंशी रुपये. तो ती काट्यावर तोलून, घड्याळ लावून, कागदातून गाळून करायचा. केली की समोर उभा राहायचा आणि माणसाच्या तोंडाकडे पाहायचा. सिंदी मेघेतली कॉलेजची पोरं भीतीपोटी 'मस्त आहे' म्हणायची आणि अर्धा कप टाकून निघून जायची.

पोराचं एक वेळ ठीक. तरुण आहे, नवं शिकला, चार दिवस मिरवणार. पण चंद्रभानला काय झालं होतं? सरकारी कचेरीत तीस वर्षं टपरीचा चहा बशीत ओतून फुर्रफुर्र पिणारा माणूस. मुलानं दुकान टाकलं आणि हा रातोरात जाणकार झाला. लग्नाला गेला तर यजमानाला सांगायचा, "हे पावडरवाली हाय, हे कॉफी नोहे." सुलोचनेच्या घरी आला तर कप नाकाशी धरून विचारायचा, "दाने कोनते?" एकदा ती म्हणाली, "भुईमुगाचे हायेत, खातं का?" प्रभाकरराव हसले. चंद्रभान नाही हसला. हल्ली त्याला हसू येतच नसे, त्याच्या जिभेला फक्त चव येत असे.

म्हणून तर सुलोचना बुधवारी मुद्दाम ऋतिककडे गेली. त्याला समोर बसवून समजावलं. "हे पाय बाप्पा, उद्या तुहे मोठेबाबा येऊन राह्यले. आपल्याकडे भांडन मिटलं की तोंड गोड करतात. आन् मसनातून आलं की दाराशी कडूनिंबाचा पाला चावतात. कडू तोंड सुतकात असते, समजलं? तू त्याइले दूध-साखरेची देजो. तीन चमचे साखर. त्याइच्यापुरती तुही पाटी भिताडाकडे फिरव."

"करतो आत्या," ऋतिक म्हणाला. "एका दिवसानं काय होतं."

पोरगा वाईट नव्हता, हेही सांगून ठेवते. वाईट असता तर पुढचं सगळं सोपं झालं असतं.

गुरुवारी दुपारी तानबा एस.टी.नं आला. पांढरा धुतलेला सदरा, पायजमा, टोपी, आणि हातात आंबिया बहाराच्या संत्र्यांची थैली. पुतण्याच्या दुकानात रिकाम्या हातानं कसं जायचं? सुलोचनेनं त्याला स्टँडवरून ऑटोनं आणलं. रस्त्यात त्यानं एकदाच विचारलं, "चंद्या वाळला काय?" तिनं सांगितलं, थोडा वाळला, साखरेचा त्रास आहे. त्यानं मान हलवली.

चंद्रभान आतल्या टेबलाशी होता. उठून उभा राहिला. "ये दादा," म्हणाला. तानबा "हूं" म्हणाला. नऊ वर्षांनी दोन शब्द झाले. सुलोचनेला वाटलं, आता कोणी काही बोलू नये, हे असंच राहू द्यावं. ऋतिकनं पुढं येऊन मोठेबाबांच्या पायांना हात लावला. तानबानं त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि थैली दिली. ऋतिकनं ती आधी गल्ल्यावर ठेवली. मग काय वाटलं कोण जाणे, उचलून खाली पायाशी सरकवली.

तेवढ्यात दार उघडून ती मुलगी आली. वर्षाली तिचं नाव, नागपूरची. गावोगावच्या कॅफेत जाऊन कॉफी प्यायची आणि मोबाइलवर त्याचे व्हिडिओ टाकायचे, हा तिचा धंदा. अडीच लाख माणसं तिचं पाहतात म्हणे. ऋतिक तीन महिने तिच्या मागे लागला होता, आणि ती न कळवता नेमकी त्याच घडीला उगवली. तिला पाहून पोराचा चेहराच बदलला. तिनं येताच तीन पायांच्या काडीवर मोबाइल उभा केला आणि म्हणाली, "मी कोपऱ्यात बसते, तुमचं नेहमीचं चालू द्या. नॅचरल पाहिजे मला."

ऋतिक सुलोचनेला बाजूला घेऊन कानात बोलला. "आत्या, कॅमेरा चालू आहे. आत्ता मी दूध-साखर घातली ना, तर माझं नाव गेलं. अर्धा तास थांबता का?"

अर्धा तास? तिनं मागे वळून पाहिलं. तानबा स्टुलावर पाय लोंबकळत बसला होता, हात गुडघ्यावर, नजर भिंतीच्या विटांवर. चंद्रभान मोबाइल चाळत होता. अर्ध्या तासात तानबा दहादा उठून गेला असता. ती म्हणाली, "दे बाप्पा कशीही, पन आता दे."

हे ती म्हणाली. पुढे कितीही वेळा आठवून पाहिलं तरी हे तीच म्हणाली होती.

तिनं मनाशी हिशेब केला होता. पर्समध्ये साखरेची पुडी होती. प्रभाकररावांनीच सकाळी बांधून दिली होती. "तुझ्या भाच्याचा भरवसा नाही," म्हणाले होते.

ऋतिकनं चार कप आणून ठेवले. मुलीचा मोबाइल आता टेबलाकडे वळला होता. त्यानं नेहमीचा पाठ म्हणायला सुरुवात केली, थोडं जास्तच जोरात. "या कॉफीत सुरुवातीला संत्र्याची साल लागते, मधे जांभूळ आणि शेवटी गूळ."

गूळ लागतो तर गूळच घालावा की, असं सुलोचनेच्या अगदी ओठावर आलं होतं. पण तानबानं मान वर केली. आल्यापासून पहिल्यांदा त्याच्या चेहऱ्यावर थोडा जीव दिसला.

"संत्रा कोनता?" त्यानं विचारलं. "आंबिया का मृगाचा?"

माणूस मनापासून विचारत होता. चाळीस वर्षं संत्र्याच्या बागेत घालवलेली. फोड जिभेवर ठेवून झाडाला शेणखत पडलं की नुसता युरिया, हे सांगणारा. व्यापारी त्याला मुद्दाम चाखायला बोलावून न्यायचे. दिवाळीच्या सुमाराला उतरणाऱ्या आंबियाची साल वेगळी, उन्हाळ्याच्या तोंडी येणाऱ्या मृगाची वेगळी, हे त्याला ठाऊक नसणार तर कोणाला? त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं की काळ्या पाण्यात कोणत्या बहाराचा वास येतो.

कोपऱ्यातली मुलगी खळखळून हसली. "अय्या, काका किती क्यूट आहेत!" ऋतिकही हसला, ओशाळून. आणि चंद्रभानचे कान लाल झाले. नागपूरच्या मुलीसमोर आपला गावचा भाऊ संत्र्याचे बहार विचारतो, याची त्याला लाज वाटली. भावाची लाज. सुलोचनेनं ती त्याच्या तोंडावर स्पष्ट पाहिली.

"तसा संत्रा नोहे तो दादा," चंद्रभान म्हणाला. "तो भास असते."

तानबाची नजर पुन्हा विटांवर गेली.

सुलोचनेनं घाईघाईनं पुडी काढली, सोडली आणि तानबाच्या कपाकडे हात नेला. तर चंद्रभाननं आपला पंजा कपावर झाकला. "राहू दे सुले. साखर नाई टाकत याच्यात. पोट्ट्याची इज्जत जाईन."

"अरे, दादाले कडू पाजतं काय आजच्या दिवशी?"

"कडू नोहे ते. समजाले जीभ लागते. दादाले जीभ असन तर समजन."

हे वाक्य चंद्रभान सगळ्यांना म्हणत असे. लग्नात आचाऱ्याला, घरी बायकोला, सुलोचनेला तर दहादा म्हणाला होता. सवयीनं निघून गेलं त्याच्या तोंडून. पण तानबा ते पहिल्यांदा ऐकत होता. त्यानं चंद्रभानच्या पंजाकडे पाहिलं, तो पंजा हळूच बाजूला केला आणि कप उचलला.

पहिल्या घोटाला त्याचे डोळे मिटले, नाक वर गेलं, ओठ कानाकडे पळाले आणि सगळं तोंड एका बाजूला फिरलं. आणि सुलोचना हसली. तिला आवरलंच नाही. लहानपणी माय दर शनिवारी तिघांना ओसरीत बसवून काडेचिराइताचा काढा पाजायची. चंदू रडायचा, ती पळायची, आणि मोठा म्हणून तानबा तो निमूट प्यायचा. पिताना हुबेहूब हेच तोंड करायचा. पन्नास वर्षांत तिनं ते तोंड पाहिलं नव्हतं. ते अचानक समोर दिसलं आणि तिला इतकं बरं वाटलं, इतकं आपलं वाटलं, की ती तोंडावर हात न घेता पोट धरून हसली. तानबानं डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं.

मग तो उरलेली कॉफी प्यायला. थांबला नाही, तोंड वाकडं केलं नाही. पाण्यासारखी घटाघट सगळी प्यायला आणि रिकामा कप टेबलावर ठेवला. चंद्रभानकडे पाहून म्हणाला, "झालं?"

"कशी वाटली?" चंद्रभाननं विचारलं. असं विचारणाऱ्या माणसाला काय म्हणावं?

"चारची गाडी हाय मले," तानबा म्हणाला आणि स्टुलावरून जपून खाली उतरला.

सुलोचना घरी आली ती हवेत तरंगतच. "पिला!" तिनं प्रभाकररावांना सांगितलं. "पुरा कप पिला. टाकला नाई एक थेंब. आता काय राह्यलं सांगा? झालं, म्हने." प्रभाकरराव म्हणाले, "गोड होती का?" तिनं तो प्रश्न ऐकला न ऐकल्यासारखा केला. दिवाळी वीस दिवसांवर होती. तिनं माळ्यावरून दुसरा पाट काढला, घासून धुतला, उन्हात ठेवला. दोघांना यंदा आपल्याकडेच बोलवायचं. तिचं घर तर कोणाला वर्ज्य नव्हतं. हे आधी का सुचलं नाही, म्हणून ती स्वतःवरच चिडली. पण तेव्हा तानबा चंद्रभानच्या सावलीलाही उभा राहत नव्हता, आता बसला तरी समोर. करंज्यांचं सामानसुद्धा तिनं दुप्पट आणलं.

पाचव्या दिवशी ऋतिकचा फोन आला. पोराचा आवाज आनंदानं चिरकत होता. "आत्या, पाहिलं का? चार लाख लोकांनी पाहिलं! सकाळपासून रांग आहे दुकानात!"

तिनं शेजारच्या मुलीकडून तो व्हिडिओ उघडून घेतला. वर 'गावच्या काकांची पहिली खरी कॉफी' असं लिहिलेलं, पुढं रडेपर्यंत हसणारी पिवळी तोंडं. आधी तानबाचा प्रश्न, आंबिया का मृगाचा, आणि लगेच कुठून तरी आणून जोडलेला माणसांच्या हसण्याचा आवाज. मग तो घोट. सावकाश केलेला. डोळे, नाक, ओठ. पुन्हा एकदा. पुन्हा एकदा. तिसऱ्या वेळी त्याच्या तोंडावर कॅमेरा इतका जवळ गेला की टोपीखालचा घामही दिसत होता. तानबानं कॉफी संपवली ते कुठंच नव्हतं. चंद्रभानचा पंजाही नव्हता. होती ती त्याच्या खांद्यामागे बसलेली एक जाड बाई. पोट धरून, दात काढून हसणारी. तीही तीनदा.

शेजारची मुलगी म्हणाली, "काकू, तुम्ही किती छान दिसताय!"

सुलोचना तशीच दुकानात गेली. रांग खरंच होती. पोरं कॉफी घेत होती, एकमेकांसमोर पहिल्या घोटाला तोंडं वाकडी करून व्हिडिओ काढत होती आणि भरलेले कप ठेवून जात होती. ऋतिकला त्याचं काही वाटत नव्हतं. जी कॉफी तो काट्यावर तोलत होता ती मोरीत चालली होती. चंद्रभान गल्ल्यावर बसला होता.

"काढ ते," ती म्हणाली.

"मी नाही टाकलं आत्या, तिनं टाकलं. आणि लोक प्रेमानंच पाहतात हो. कमेंट वाचा ना."

"चंदू, तू सांग याले."

"दादाचं नाव झालं न सुले," चंद्रभान म्हणाला. "रोहन्याले कोन ओळखत होतं?"

ती त्याच्याकडे पाहत राहिली. तो थट्टा करत नव्हता. हेच जास्त वाईट होतं.

दुसऱ्या दिवशी ती रोहण्याला गेली. स्टँडवर उतरली तर पानठेल्यापाशी तीन-चार पोट्टे उभे. एकानं तिला ओळखलं, दुसऱ्याला कोपर मारलं आणि ते तोंड करून दाखवलं. तिनं पाय उचलले. गुडघे ठणकत होते तरी उचलले.

तानबा घरापुढच्या छपरीत संत्री निवडत बसला होता. मोठी एका क्रेटमध्ये, लहान दुसऱ्यात. "ये बाई," म्हणाला. रुख्माबाई वहिनीनं पाणी दिलं, बसायला सतरंजी टाकली. ख्यालीखुशाली विचारली. कोणी रागावलं नव्हतं. सुलोचनेनं वाटेत सगळं ठरवून ठेवलं होतं, ते ती एका दमात बोलून गेली. पोट्ट्याला अक्कल नाही, चंद्याची मती गेली, आणि त्या नागपूरच्या मुलीला तर चपलेनं मारलं पाहिजे.

तानबानं सगळं ऐकून घेतलं. हातातलं संत्रं उलटसुलट करून पाहिलं आणि लहानांत टाकलं.

"त्याइचं सोड," तो म्हणाला. "चंद्याचं आन् माहं नऊ वर्सांपासून चालू हाय. पोट्टं लहान हाय. ती पोट्टी कोन कुठली, तिले मी कोन? तू काऊन हासली?"

सुलोचनेला वाटलं, एवढंच ना? हे तर सांगता येतं. तिनं सांगितलं. मायचा काढा, शनिवार, ओसरी, चंदूचं रडणं. तुझं तेच तोंड पाहिलं रे दादा, आणि माय आठवली, आणि हसू आलं. शब्द सगळे खरे होते. पण बोलता बोलता तिला मोबाइलमधली ती जाड बाई दिसत होती. त्या बाईला माय आठवत असेल, यावर तिचा स्वतःचाच विश्वास बसत नव्हता. तिचा आवाज बारीक होत गेला.

"असन," तानबा म्हणाला.

"खरंच सांगून राह्यली मी."

"खोटं नाई म्हनत मी तुले." तो पुन्हा संत्र्यांकडे वळला. "कप पाह्यला तवाच समजलो होतो, हे कडू हाय. जीभ हाय का नाई, ते चंद्यानं काढलंच होतं. उठूनच चाललो होतो. मंग म्हटलं, सुलीनं बोलावलं. एवढ्यांत एक मानूस तरी आपलं बसलं हाय. म्हनून घेतला घोट. आन् तुह्याकडे पाह्यलं."

वहिनी उठून आत गेली.

"उरली ते काऊन पिला मंग सारी?" तिनं विचारलं.

"टाकून कसा येऊ? तुह्या माहेरचे लोक अन्न टाकतात, असं कोनी म्हनलं असतं."

जेवण झालं. वहिनीनं भाजी-भाकर, ठेचा, सगळं वाढलं, आग्रहानं वाढलं. तानबा पंगतीला बसला, बहिणीच्या ताटाकडे लक्ष ठेवून होता, भाकर संपली की वहिनीला खुणावत होता. सुलोचनेला प्रत्येक घासाला वाटत होतं, आता तो रागावेल. रागावला असता तर तिनं पाय धरले असते, रडली असती, भांडली असती. रागावलेल्या भावाला कसं वळवायचं ते तिला येत होतं. यानं तिला काही करायला जागाच ठेवली नव्हती.

निघताना वहिनीनं तिला पाटावर बसवलं, हळद-कुंकू लावलं आणि ओटी भरली. मग कपाटातून एक पिशवी आणून तिच्या मांडीवर ठेवली.

"हे काय वहिनी?"

उत्तर तानबानं दिलं, छपरीतूनच. "भाऊबीजेची साडी हाय. आताच घेऊन जाजो. तुहे गुडघे दुखतात, दिवाळीत धावपळ करू नको. इथं काई यायची गरज नाई."

"दादा, मी दोघांले माह्या घरी..."

"नको बाई," तो म्हणाला, अगदी मऊ आवाजात.

तिनं पिशवी उघडली. पैठणी होती, जांभळी, रुंद काठाची. दर वर्षी तो पुलगावच्या बाजारातून चारपाचशेची सुती साडी आणत असे आणि 'आवडली का' म्हणून तीनदा विचारत असे. एवढी भारी साडी त्यानं तिला लग्नातही दिली नव्हती. बहिणीला कायमचं वाटेला लावताना कोणी नावं ठेवू नयेत, अशी ती साडी होती. सुलोचनेनं ती छातीशी धरली आणि उठली.

वहिनी तिला दारापर्यंत सोडायला आली. तानबा संत्री निवडत राहिला.